जुन्या विमानाचे पाय : मूळचे जपायचे की नवे बसवायचे?

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. तिथेच एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था आकाराला येते आहे. तिच्यासाठी ३४ शिकाऊ विमानांची मागणी नोंदवली गेली, ३१ एक-इंजिनी पायपर आणि ३ दुहेरी इंजिनांची डायमंड. तेव्हापासून अकोट, दर्यापूर, अंजनगाव या पट्ट्यातल्या घरांत विमानाचा विषय निघू लागला आहे. बोलणं बहुतेक तिकिटाचं, नोकरीचं, नाहीतर शिवणीचं असतं. अकोल्याचा शिवणी विमानतळ १९४३चा. त्याची धावपट्टी वाढवायची तर जमीन लागते, आणि हा प्रश्न वर्षानुवर्षं फायलींतून फिरत राहिला.

अकोटच्या एका घरात मात्र वेगळाच वाद चालतो. मामा फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये हेल्पर म्हणून लागले, लायसन्स काढून इंजिनिअर झाले आणि निवृत्तीनंतर गावी परतले. त्यांची भाची विमान देखभालीचा अभ्यासक्रम पूर्ण करून नव्या पायपर विमानांवर काम शिकते आहे. वादाचा विषय एकच. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं हलकं विमान पुन्हा उडतं करायचं असेल तर त्याचं लँडिंग गिअर (म्हणजे विमानाचे पाय) मूळ बनावटीचंच दुरुस्त करावं, की आजच्या काळाचं बसवावं? मामा मूळच्या बाजूचे, भाची बदलाच्या. मी तिसरा, ऐकणारा. पण विषय असा आहे की मत न बनवता ऐकत बसणं मला जमलं नाही.

मामांकडे अशा विमानाचा एक पाय आहे. कोण्या क्लबनं भंगारात काढलेला, किलोच्या भावानं घेतलेला. तो ओसरीवर अकोटच्या जुन्या सतरंजीवर आडवा ठेवलेला असतो. पोलादी नळ्यांचा त्रिकोण, वरच्या टोकाला विमानाच्या धडाला जोडणारी दोन भोकं, खाली चाकाचा आस. रंगाचे तीन थर, पिवळा, त्याखाली करडा, त्याखाली हिरवट प्रायमर. तीन नळ्या जिथं वेल्डिंगनं एकत्र येतात तिथं बोट फिरवलं की केसाएवढी रेघ नखाला अडते. खालच्या नळीच्या पोटाशी मुगाच्या दाण्यांएवढे गंजाचे खड्डे आहेत. आत शिरलेलं पाणी वर्षानुवर्षं तिथं बसून राहिलं, त्याचं हे काम. आणि बोल्टचं भोक! बोल्ट गोल आहे, पण भोक झिजून अंडाकृती झालं आहे. बोल्ट आत घालून हलवला की टक-टक वाजतो.

वादाची सुरुवात नेहमी या टक-टक आवाजापासून होते.

भाची : मामा, हे भोक तुम्हीच दाखवता आणि तुम्हीच म्हणता मूळचा पाय ठेवा. ही नळी आतून गंजलेली, सांध्याला तडा, भोक झिजलेलं. यावर विमान उतरवायचं?

मामा : ह्या पायावर नाही म्हणत मी. ह्या बनावटीवर म्हणतो. दोन गोष्टी येगळ्या आहेत, बाई. तुमची आताची विमानं पाहिली मी. नाकाखाली एक चाक, मागं दोन. उतरताना थोडं तिरपं पडलं तरी विमान आपणच सरळ होते. आमच्या पुष्पकाले तसं नव्हतं. मोठी चाकं पुढं, शेपटीले एक बारकं, आन् वजनाचा मध्य मोठ्या चाकांच्या मागं. भरलेली हातगाडी मागून ढकलून पाहा. जराशी तिरपी झाली की तुझाच जोर तिले आणखी फिरवते. विमान तसंच गर्रकन फिरते, पंख जमिनीले टेकते आन् सगळा आडवा मार बाहेरच्या पायावर येते. ग्राउंड लूप म्हणतात त्याले. म्हणून ह्या विमानाचा पाय बदलणं म्हणजे त्याचा स्वभाव बदलणं होय.

भाची : स्वभाव वाईट असेल तर बदलावाच ना! ग्राउंड लूपमुळेच तर जगानं शेपटीचं चाक सोडून नाकाचं चाक घेतलं. एचटी-२ गेलं, त्याच्या जागी एचपीटी-३२ हे शिकाऊ विमान आलं, ते नाकाच्या चाकाचं.

पुष्पकाचा उल्लेख आला की मामांचा आवाज बदलतो. ज्यांना ते नाव नवं असेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकले आणि १९४०मध्ये बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये दाखल झाले. १९५१मध्ये उडालेलं एचटी-२ हे भारतात आखलेलं आणि भारतात बांधलेलं शिकाऊ विमान त्यांचं. त्यानंतर १९५८मध्ये पुष्पक आलं. दोन माणसं शेजारी-शेजारी बसतात, पंख डोक्यावर, अंगावर कापड मढवलेलं, ९० अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन. अमेरिकेच्या एरोन्का चीफ विमानाच्या धर्तीवर ते बेतलं होतं. देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत एक पिढी उडायला शिकली ती पुष्पकावर. मराठी माणसानं घडवलेलं विमान म्हणून आपण घाटग्यांचा अभिमान बाळगतो, पण त्यांची विमानं आज उडत्या अवस्थेत ठेवायला लागणारी कामं कोणती, हे आपल्याकडे क्वचितच कोणी विचारतं. मामा-भाचीचा वाद मला म्हणूनच मोलाचा वाटतो.

मामा : एरोन्काच्या पायाची करामत काय होती? नळीत नळी. आत जाड स्प्रिंग आन् तेल. चाक टेकलं की आतली नळी वर सरकते, स्प्रिंग दबते, आन् तेल बारीक छिद्रातून जोरानं पलीकडं जाते. स्प्रिंग वजन झेलते, तेल जोर खाते. परत येताना बी तेल अडवते, म्हणून विमान उसळत नाही.

भाची : आणि त्याच एरोन्का घराण्याचं काय झालं तेही सांगा. चीफचा सख्खा भाऊ चॅम्प. चॅम्पपासून पुढे सिटाब्रिया झालं. १९६७मध्ये त्यांनी स्वतःच हा तेल-स्प्रिंगचा पाय काढून टाकला आणि पोलादी पट्टीचा पाय बसवला. बनवणाऱ्यांनीच सोडलेली गोष्ट आपण धरून का बसायचं?

हा भाचीचा सर्वांत भक्कम मुद्दा. पोलादी पट्टीच्या पायाची कल्पना अमेरिकेच्या स्टीव्ह विटमन यांची. ते शर्यतींची विमानं स्वतः बांधून स्वतः उडवायचे. एकसंध, वाकवलेली, पाणी दिलेली पोलादी पट्टी. नळी नाही, तेल नाही, सील नाही, बिजागरी नाही. सेस्ना कंपनीनं ती कल्पना त्यांच्याकडून घेतली आणि १९४६च्या सेस्ना १४०पासून पुढे तिच्या लहान विमानांची ओळखच त्या पायानं ठरली. देखभालीला सोपी, वाऱ्याला कमी अडथळा. भाचीला ती आवडते यात नवल नाही. पन्नास विमानांचा ताफा सांभाळायचा असेल तर मीही तीच निवडीन.

मामा : सोपी आहे, कबूल. पण पट्टीनं घेतलेला जोर जाते कुठं? तेल जोराची उष्णता करून टाकते. पट्टी तो जोर साठवते आन् परत देते. नवखा पोरगा जरा उंचावरून पडला की विमान टुणकन वर येते. मग तो घाबरून दांडी पुढं लोटते आन् दुसरा धक्का पहिल्यापेक्षा वाईट बसते.

भाची : पूर्ण परत नाही देत, मामा. पट्टी दबली की दोन्ही चाकं बाहेर फाकतात. टायर धावपट्टीवर आडवे घासतात, त्या घर्षणात बराच जोर जातो.

मामा : डांबरावर जाते. ओल्या गवतावर? इथल्या काळ्या मातीत? पावसाळ्यात ही माती चाकाले अशी धरते का सोडतच नाही. चाकावर झाकण असलं तर आत चिखल भरून चाकच जाम होते. आम्ही जून लागला की झाकणं काढून ठेवत होतो.

भाची : आज गवतावर कोण उतरवतं? शिवणी डांबराची, बेलोऱ्याची १,८५० मीटर डांबराची.

मामा : मग विमानाच्या धडाचं काय? पुष्पकाचा सांगाडा नळ्यांचा, घाटगेसाहेबांनी तो ह्या पायाचा जोर कुठं येईल ते मोजून आखला. पट्टीचा पाय सगळा पीळ मुळाशी आणते. सेस्ना १४०च्या पोटात पाय बसते ती पेटी कशी तडकते ते तूच मले पुस्तकात दाखवलं होतं.

इथं भाची गप्प बसली नाही, पण थोडी थांबली. कारण ही गोष्ट खरी आहे. जुन्या सेस्ना १४०ची तपासणी करणारा कुठलाही जाणता माणूस आधी फरशी उचलून पायाच्या पेटीकडे बघतो. जड उतरणी सोसून सोसून तिथल्या पत्र्याला आणि रिव्हेटना तडे जातात. पट्टी वर्षानुवर्षं शाबूत दिसते, मार पोटात बसलेला असतो.

एक बदल दुसऱ्या बदलाला ओढून आणतो, याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण टायगर मॉथचं आहे. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडचे बहुतेक वैमानिक ज्यावर शिकले ते दुपंखी विमान. त्याला मुळात ब्रेकच नव्हते, आणि शेपटीला चाकाऐवजी जमिनीत रुतणारी खीळ. गवताच्या मैदानावर ती खीळच ब्रेकचं काम करायची. पक्क्या धावपट्टीवर मात्र ती घासून संपते आणि विमान थांबत नाही. कॅनडात हे विमान बांधायचं ठरलं तेव्हा तिथल्या अभियंत्यांनी ब्रेक दिले आणि खिळीच्या जागी चाक दिलं. पण ब्रेक दाबला की विमान नाकावर जाणार, म्हणून मुख्य चाकं पुढं यावीत असे पायही पुढे झुकवले. नुसते ब्रेक लावून ते थांबले नाहीत. जुन्या विमानात बदल करू पाहणाऱ्यानं ही रीत डोळ्यांपुढे ठेवावी. भारतीय वायुदलानं इंग्लंडमध्ये नव्यानं उभं करून आणलेलं टायगर मॉथ २०१२च्या वायुदल दिनी उडालं, तेव्हा या जुन्या यंत्रांवरचं प्रेम आपल्याकडेही जिवंत आहे हे दिसलं.

पायाचा असाच एक हुशार उपयोग जे. आर. डी. टाटांच्या विमानात होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं ते पस मॉथमधून, आणि १९८२मध्ये वयाच्या ७८व्या वर्षी तोच प्रवास पुन्हा केला तो लेपर्ड मॉथमधून. या दोन्ही विमानांच्या पायांवर वाऱ्याला वाट देणारं चपटं आवरण असे. वैमानिकानं आतून दांडा ओढला की ते आवरण आडवं वळे आणि वाऱ्याला अडवून विमान हळू करी. म्हणजे पाय हवेत ब्रेक होत असे. असा पाय काढून जागी नवा बसवला तर विमान उडेल, पण उतरण्याची ती पद्धत त्याच्याबरोबर जाईल. मामांना ‘स्वभाव’ म्हणायचं असतं ते हे.

ब्रेकच्या मुद्द्यावर मात्र मामांची बाजू लंगडी पडते.

भाची : पाय राहू द्या. ब्रेकचं बोला. टाचेनं दाबायचे, तारेवर चालणारे ड्रम ब्रेक. तार ताणली जाते, एक बाजू आधी धरते, दुसरी नंतर. शेपटीच्या चाकाच्या विमानात एका बाजूचा ब्रेक आधी धरला की काय होतं, हे तुम्हीच आता सांगितलंत.

मामा : तार रोज तपासली पाहिजे. आम्ही रोज तपासत होतो.

भाची : तुम्ही होतात म्हणून तपासत होता. आता ते लायनिंग मिळत नाही, ड्रम मिळत नाही. अमेरिकेत जुन्या विमानांना सर्रास क्लीव्हलँडचे डिस्क ब्रेक लावतात. पॅड हँगरमध्ये अर्ध्या तासात बदलता येतात. दोन्ही बाजूंना द्रवाचा दाब सारखा.

मामा : आन् डिस्क इतकी कडक धरते का विमान नाकावर! टायगर मॉथवाल्यांनी पाय पुढं नेले ते काहून?

भाची : म्हणून मी म्हणते, बारीक सिलिंडर लावा, पेडलची पकड मर्यादित ठेवा. बदल डोळसपणे करा. पण मिळत नसलेल्या भागाच्या नावानं बोटं मोडत विमान हँगरात सडवू नका.

इथं मी उघड भाचीच्या बाजूचा आहे. ब्रेक ही झिजणारी वस्तू आहे. ती झिजण्यासाठीच बनते आणि बदलण्यासाठीच असते. ज्या ब्रेकचे सुटे भाग मिळत नाहीत तो ब्रेक मूळचा म्हणून ठेवणं म्हणजे शिकाऊ पोराच्या जिवाशी खेळणं आहे.

रबराच्या बाबतीतही तसंच. पायपर कबसारख्या विमानांत तेलाऐवजी रबरी दोर असतात. बारीक रबरी धाग्यांचा जुडगा, वरून सुती वीण, त्याची कडी दोन्ही पायांच्या मध्ये विमानाच्या पोटाखाली ताणून बसवलेली. विमान टेकलं की पाय बाहेर फाकतात आणि दोर ताणला जातो. तो बसवायला खास साधन लागतं. सुटला तर बोट किंवा डोळा जाईल इतका ताण असतो. म्हणून शेजारी पोलादी तारेचा फासही ठेवतात, दोर तुटलाच तर पाय पूर्ण फाकू नये. या दोराच्या विणीत रंगीत धागे असतात आणि त्या रंगांवरून दोर कुठल्या वर्षी, वर्षाच्या कुठल्या तिमाहीत बनला ते ओळखता येतं. हे धागे मामांनीच भाचीला भिंगातून दाखवले होते.

मामा : रबर कपाटात ठेवलं तरी म्हातारं होते. त्यात आपला वैशाख. अकोल्याचा मे ४५ अंशाच्या वर जाते, हँगरच्या टिनाखाली त्याहून जास्त. वर तेलाचा थेंब पडला का संपलं. दोरावर सुती वीण चांगली दिसते, आत रबराचे तुकडे झालेले असतात. म्हणून तारीख पाहाजो, रूप पाहू नको.

तेलाचा विषय निघाला की मामा कळवळून बोलतात. एका क्लबमध्ये (नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही) कोणी तरी विमानाच्या पायात जीपच्या ब्रेकचं तेल ओतलं. विमानाच्या पायात जाणारं लाल तेल खनिज असतं आणि त्याची रबरी सीलं त्या तेलासाठीच बनलेली असतात. गाडीच्या ब्रेकचं तेल वेगळ्या जातीचं. त्यात ती सीलं फुगतात, मऊ पडतात. सकाळी विमान एका बाजूला झुकलेलं आणि पायाखाली डाग. पाय उघडला तेव्हा सील चिखलासारखं हातात आलं. त्या दिवसापासून मामांनी हँगरमध्ये तेलाच्या डब्यांना दोन वेगळी कपाटं केली आणि किल्ली खिशात ठेवली.

दुरुस्ती करायचीच तर ती कशी, यावर दोघांचं फार कमी भांडण आहे, आणि मला वाटतं लोकांपर्यंत पोचावी अशी माहिती इथंच आहे. विमान जॅकवर घ्यायचं, पाय सोडवायचा, रंग पूर्ण उतरवायचा. रंगाखालचा तडा रंगावरून दिसत नाही. मग पोलादाला चुंबकीय करून त्यावर लोखंडाची अतिबारीक पूड मिसळलेला द्रव सोडायचा. जिथं तडा असेल तिथं चुंबकत्व गळतं आणि पूड रेघ धरून बसते. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली ती रेघ हिरवी चमकते. आस आणि बिजागरीचे बोल्ट हे पहिले संशयित. बोल्ट झिजला असो वा नसो, मामा तो परत बसवत नाहीत. गंजलेली नळी कापून जागी नवा तुकडा घालायचा तर आत किंवा बाहेर बाही घालून, कापाचं टोक माशाच्या तोंडासारखं तिरपं ठेवून वेल्डिंग करायचं. सरळ गोल काप केला तर सगळा ताण एका वर्तुळावर येतो. आणि पाणी दिलेल्या पोलादाच्या आसाला वेल्डिंगची ज्योत लावायचीच नाही. ती लावली की पोलादाचा कणखरपणा गेला. ही पथ्यं अमेरिकन विमान खात्याच्या ‘४३.१३’ या जाड पुस्तकात आहेत. मामांची प्रत तेलानं काळी झालेली, भाचीची फोनमध्ये.

शेवटी चाकांची रेघ. या कामात मामांचा हात पाहण्यासारखा. प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत पत्रे, मध्ये ग्रीस, म्हणजे पाय आपल्या जागी मोकळा बसतो. मग गवंड्याचा ओळंबा सोडून जमिनीवर खडूच्या खुणा, आणि सुतळी ताणून दोन्ही चाकांचं तोंड मोजायचं. चाकं आत किंवा बाहेर वळलेली असली तर विमान धावताना ओढ घेतं. शेपटीच्या चाकाच्या विमानात ती ओढ म्हणजे ग्राउंड लूपचं आमंत्रण. भाची लेझरनं मोजते. एकदा दोघांनी आपापल्या पद्धतीनं मोजून पाहिलं आणि उत्तर जुळलं. कोणी कोणाला चिडवलं नाही.

मग कागद. वादाचा निकाल माझ्या मनात इथं लागला.

भाची : परवानगीचं म्हणाल तर तीही मिळते. क्लीव्हलँडच्या ब्रेकांना अमेरिकेत सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट आहे. कांदिवलीत घराच्या गच्चीवर बांधलेल्या कॅप्टन अमोल यादवांच्या विमानालाही २०१७मध्ये डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, नोंदणी मिळालीच.

मामा : त्यांचं विमान नवं होतं, प्रायोगिक वर्गातलं, आन् त्यासाठी माणसानं किती वर्षं घातली! आपलं येगळं आहे. तो अमेरिकन कागद ज्या विमानाच्या नावानं आहे त्यालेच चालते. एरोन्काच्या नावाचा कागद पुष्पकाले चालत नाही. दिसाले सारखे असले तरी पुष्पकाचा पाय, पुष्पकाचा सांगाडा एचएएलच्या आराखड्याचा. उद्या त्याले पट्टीचा पाय लावला तर सांगाड्याचं गणित नव्यानं कोण करीन? वजनाचा मध्य सरकला, ते कोण मोजीन? सही कोण करीन? मी असतो तर नसती केली.

भाची : ब्रेकवर केली असती?

मामा : आकडे मांडून आण, वजन कर, डीजीसीएकडून मंजुरी आण. मग ब्रेकवर करीन.

मला या उत्तरातच रेघ दिसते. पायाची आखणी म्हणजे चाकं कुठं टेकतात, जोर धडात कुठं शिरतो, तो कोण खातो. ही त्या विमानाची मूळ गोष्ट आहे. ती बदलायची तर कॅनडातल्या टायगर मॉथसारखं पूर्ण विमान नव्यानं आखायची तयारी हवी, आणि एखाद-दुसऱ्या जुन्या विमानासाठी तेवढं बळ भारतात कोणाकडेही नाही. म्हणून पुष्पकाला पोलादी पट्टी लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जे झिजतं, सडतं, म्हातारं होतं ते मात्र बिनदिक्कत नवं घालावं, आणि आजच्या चांगल्या प्रतीचं घालावं. सील, रबर, बोल्ट, टायर, ब्रेक. गंजलेली नळी मूळची म्हणून जपण्यात पुण्य नाही. तिच्याच मापाची नवी नळी घातली तर घाटग्यांच्या विमानात काहीच कमी होत नाही. उडवायचं नाही, संग्रहालयातच ठेवायचं असेल, तर उलट करावं. एकही बोल्ट न बदलता फक्त गंज थांबवावा आणि झिजलेलं भोक तसंच लोकांना दाखवावं.

पण खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्यावर मामा-भाचीचं एकमत आहे. पायाचा आराखडा लागतो, मूळ मापं लागतात, कुठल्या जातीचं पोलाद आणि किती जाडीची नळी हे कळावं लागतं. फ्लाइंग क्लबांच्या हँगरमध्ये ही माहिती दुरुस्तीच्या पुस्तकांत होती, आणि त्याहून जास्त मेकॅनिकांच्या वह्यांत होती. कुठल्या विमानाच्या कुठल्या पायात किती तेल बसतं, कुठला सांधा आधी तडकतो, कुठल्या बोल्टला किती ताण द्यायचा. क्लब बंद पडले, विमानं लिलावात गेली, पुस्तकं रद्दीत. मामांची वही भाचीनं पानापानांचे फोटो काढून ठेवली. तिच्यात पुष्पकाच्या पायाची हातानं काढलेली आकृती आहे, मापांसकट.

विदर्भातल्या नागपूर फ्लाइंग क्लबपासून मुंबईच्या जुहूपर्यंत काम केलेले असे बरेच जण आता अकोट, अकोला, खामगाव, अमरावतीला निवृत्त होऊन राहतात. तुमच्या घरात असे कोणी वडील, काका, आजोबा असतील तर त्यांच्या वह्या, लॉगबुकं, आराखडे आणि खास बनवून घेतलेली हत्यारं भंगारवाल्याला देऊ नका. बेलोऱ्याच्या हँगरमध्ये किंवा जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या मुलामुलीला ती दाखवा. आणि ते बोलते आहेत तोवर त्यांच्याकडून पायाचं काम समोर बसून शिकून घ्या.